उसनं

तेराव्याच्या दुसऱ्या रात्री ऋत्वी आली.
सव्वाअकरा. दांडिया बाजारातली आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी,
जिथं बाहेरून चढायला जिना नाही, नुसता पाइप आहे.
मी आधी पाय बघितले.
सरळच होते.
डाव्यात माझी चप्पल,
कमाटीबागेत बदलली गेलेली.
"घे," म्हणाली, "तुझी राहिली होती माझ्याकडं."
रडायचं की किंचाळायचं हे ठरेपर्यंत ती नव्हती,
आणि फरशीवर
एका पावलाएवढंच ओलं.

मग रोजच यायला लागली.
नववीत नेलेला कोनमापक.
खोडरबराचा अर्धा तुकडा, त्यावर दात तिचेच.
सेव-उसळीचे तीस रुपये, सुट्टे.
केमिस्ट्रीची वही, जिच्या मागच्या पानावर
विश्वामित्रीतल्या मगरींना आम्ही सरांची नावं दिली होती.
सगळ्यात सुस्त ते पंड्या सर, पुलाखाली ऊन खात पडलेले.
तिथं ती हसली.
पूर्वी हसताना नाकातून आवाज यायचा,
तो आता येत नव्हता.
बाकी सगळं तेच.

आई म्हणते, ऋणानुबंध.
ऋत्वीच्या आईला भेटून आली की एवढंच म्हणते
आणि कुकर लावते.
मी तो शब्द पहिल्यांदाच फोडून बघितला,
संस्कृतच्या पेपरात फोडतात तसा.
ऋण अधिक अनुबंध.
म्हणजे देणं फिटलं की
पुढचं उत्तर लिहिलं नाही.

त्या रात्रीपासून मी खोटं बोलायला लागले.
"आणि माझी छत्री?"
"कुठली?"
"जांभळी."
जांभळी छत्री माझ्याकडं कधीच नव्हती, हे तिला माहीत होतं.
तरी दुसऱ्या रात्री कुठून कोण जाणे घेऊन आली,
एक काडी मोडलेली.
मी मागत गेले.
न घेतलेलं पेन, न वाचलेलं पुस्तक,
आमच्याकडं कधी नसलेल्या मांजराची घंटी.
ती आणत गेली,
दर खेपेला थोडी विरळ होऊन.
एकदा तिच्या खांद्यातून मला
सूरसागरातल्या शंकराचे दिवे दिसले.

माझ्याकडं तिचं काय आहे, हे तिनं कधी विचारलं नाही.
सांगते.
अकरा दिवस आम्ही बोलत नव्हतो.
कारण एवढंसं: गरब्याचा पास तिनं दुसऱ्या ग्रुपमधून घेतला.
बाराव्या दिवशी दवाखान्यातून तिचा फोन आला.
प्लेटलेट्स वगैरे मला काय माहीत.
तिचं नाव थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेलं,
मी बघत राहिले.
फोन खाली पडला, तरी उचलला नाही.

पहिल्या माळेच्या रात्री हे सांगितलं.
खाली पोळात पोरं ढोल तापवत होती,
ती कठड्यावर बसून टाळ्या मोजत होती,
तीन, गिरकी, तीन.
"ते देणं नाही गं, मैथू.
मी तरी कुठं बोलायला केला होता?
चिडवायलाच केला होता."
खरं की खोटं, कळलं नाही.
खोटं असेल तर माझ्याकडूनच शिकली असेल.

मग हात पुढं केला, पहिल्यांदाच रिकामा.
"पैंजण दे ना तुझं. एकच, उजवं.
नऊ रात्री नाचते आणि देते."
आकडा घट्ट होता, काढताना नख तुटलं.
परत कधी देशील
असं मी विचारलं नाही.

आज अष्टमी.
मैदानावर हजारो माणसं गोल फिरतायत.
माझा एकच पाय वाजतो.
दुसरं कुठं वाजतंय का, ते मी ऐकत नाही.
ऐकायला थांबलं की
मागची अंगावर येते, ओरडते, "चाल ने!"
आणि गोल मोडतो.